दाईबाईंचा शेअरबाजार

मी एकदा एका कापड गिरणीचे पन्नास शेअर ज्येष्ठा महालक्ष्मीच्या पोटात ठेवून दिले होते. आमच्या नागपूरकडे महालक्ष्म्या उभ्याच्या असतात. खाली पत्र्याची कोठी, कोठीत गहू-तांदूळ, वर मुखवटा आणि भोवती नऊवारी. त्या कोठीत, गव्हाच्या खाली, स्वच्छ रुमालात गुंडाळून मी ते कागद ठेवले आणि वर हळदकुंकूही वाहिलं. तेव्हा मी वीस वर्षांची होते, मॅट्रिक पास होते, आणि जगात आपल्याला न समजणारं फारसं काही उरलेलं नाही अशी माझी ठाम समजूत होती. सासरी येताना मॅट्रिकचं प्रमाणपत्र मी ट्रंकेत सगळ्यात वर ठेवलं होतं, ट्रंक उघडल्याबरोबर दिसावं म्हणून. ट्रंक कोणी उघडलीच नाही, ते जाऊ द्या.

शेअर माझे नव्हते. ते दाईबाईंचे होते, आणि त्यांच्याजवळ होतं नव्हतं ते सगळं त्यात होतं.

दाईबाई म्हणजे नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीच्या सुईण. मूळ घर कोष्ट्याचं. नवरा हातमागावर लुगडी विणायचा. तो गेल्यावर मागाचा खटखटाट बंद झाला आणि सासूकडून शिकलेलं सुईणपण तेवढं राहिलं. गल्लीतल्या निम्म्या लेकरांची नाळ त्यांनीच कापलेली. अंगाने काटक, कपाळावर गोंदण, आणि पदराला नेहमी दहा-बारा गाठी. एक गाठ म्हणजे एक बाई दिवसांत आलेली. बाई मोकळी झाली की गाठ सुटायची. त्यात काही गाठी दुहेरी असत. त्या कंपन्यांच्या.

हा नाद त्यांना लागला तो इतवारी बाजारातल्या एका शेअरदलालामुळे. शेठजींच्या बायकोचं जुळं अडलं होतं, ते दाईबाईंनी सुखरूप सोडवलं. शेठजी खूश होऊन लुगडं देऊ लागले, तर म्हणाल्या, "लुगडे तं आमच्याच घरी विनत होते गा शेठ. तुम्ही दिवसभर त्या फोनात कायच्यासाठी ओरडून राहिले, ते सांगा." शेठजींना वाटलं, बाई दोन मिनिटांत कंटाळेल. बाई तीन दुपारी गादीच्या पायरीशी बसल्या. चौथ्या दुपारी म्हणाल्या, "समजलं. म्हंजे गिरणीलेही दिवस जातेत."

या एका वाक्यावर त्यांचा सगळा शेअरबाजार उभा होता. कोणती गिरणी चांगली, कोणता मालक हुशार, या भानगडीत त्या पडत नसत. कंपनीत काहीतरी घडणार आहे का, ते जाहीर झालं आहे का आणि त्याची तारीख ठरली आहे का, एवढंच विचारायच्या. एक कंपनी दुसरीला पोटात घेणार, संप मिटणार, बोनसचे शेअर वाटणार, असं काही. जाहीर झाल्यापासून ते प्रत्यक्ष होईपर्यंत दोन-चार महिने जातात. त्या काळात काही लोक भितात, काही कंटाळतात आणि हातचं विकून टाकतात. "लोक भ्यायले का मी घेतो," दाईबाई म्हणत. "आठव्या महिन्यात सासूही भेते, नवराही भेते. दाईनं भेऊन कसं जमन?"

अफवेवर मात्र त्यांनी कधी एक शेअर घेतला नाही. शेठजी डोळे बारीक करून सांगायचे, "बाई, खबर पक्की है. मिल को बड़ा सरकारी आर्डर मिलनेवाला है." दाईबाई विचारायच्या, "कागद निघाला?" कागद निघालेला नसायचा. "मंग ह्या नुसत्या उलट्या झाल्या. उलटी अपचनानंही होते. पोट दिसल्याबिगर मी पाणी तापवत नाही." माझा नातू हल्ली मोबाइलवर बोटं फिरवत येतो आणि म्हणतो, "आजी, एकदम आतली टिप आहे." मी म्हणते, पोट दिसलं का? त्याला वाटतं, म्हातारीला भ्रम झाला.

एकदा एका गिरणीत संप चालू होता. कामगारांच्या बायका दाईबाईंच्याच हाताखालून गेलेल्या, त्यामुळे कोणाच्या चुलीवर दोन वेळा भाकर पडते आणि कोणाच्या एकच वेळा, हे त्यांना मालकाच्या आधी कळायचं. संप मिटत आला हे त्यांनी चुलींवरून ओळखलं. तरी घेतलं नाही. फाटकावर समझोत्याचा कागद चिकटला, तो स्वतः जाऊन पाहिला, शेजारच्या माणसाकडून दोनदा वाचून घेतला, आणि मग तशाच भर उन्हात इतवारीला चालत गेल्या. शेठजी म्हणाले, "बाई, आठ रोज पहले लेती तो और फायदा होता." त्या म्हणाल्या, "आठ रोज पहले घेतले असते तं मी रात्री झोपली असती का?"

एकदा फटकाही बसला. दोन गिरण्या एक होणार असं जाहीर झालं होतं. सभा झाली, तारीख ठरली, आणि ऐन वेळी मालकांचं फिसकटलं. भाव धाडकन खाली आला. मी फार हळहळले, कारण ती जाहिरात मीच वाचून दाखवली होती. दाईबाईंनी पदराची दुहेरी गाठ सोडली आणि एवढंच म्हणाल्या, "दहातलं एक जाते, पोरी. नऊयच्याकडे पाहावं लागते." हे त्या शेअरबद्दल बोलत नव्हत्या हे कळायला मला पुढे स्वतःची लेकरं व्हावी लागली.

वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडे आलं ते माझ्या मॅट्रिकमुळेच. शेठजींकडे मुंबईचा इंग्रजी पेपर यायचा, दोन दिवस शिळा. तो काखेत मारून दाईबाई दुपारी आमच्या ओसरीवर यायच्या. "वाच वं सूनबाई, मागचं पान." पहिल्या पानावर सगळं जग असायचं. त्याची त्यांना गरज नव्हती. मागच्या पानावर बारीक अक्षरात कंपन्यांच्या नोटिसा असत आणि त्यातलं निम्मं इंग्रजी माझ्या डोक्यावरून जाई. पण कबूल कोण करतो? अडलं की मी "इत्यादी इत्यादी" म्हणून पुढे सरके. चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी दाईबाई म्हणाल्या, "हे इत्यादी लई वेळा येऊन राहिलं. त्या जागी काय लिहेल हाय ते पाहून ठेवत जा. नाही तं मी शेठले विचारतो." त्या दिवशी मी आमच्या यांच्या कपाटातला शब्दकोश काढला. माझं खरं शिक्षण तिथून सुरू झालं. मॅट्रिकच्या परीक्षकांची क्षमा मागून सांगते.

आता हे सगळं त्या कशासाठी करत होत्या, ते सांगायला हवं. त्यांना एक खोली हवी होती. गोलीबार चौकाजवळ एक नवी पक्की खोली झाली होती, आत नळ आणि विजेचा दिवा. दोन खाटा टाकायच्या आणि बायांनी तिथे येऊन मोकळं व्हायचं. कारण आमच्याकडे बाळंतिणीला मिळायची ती घरातली सगळ्यात अंधारी खोली, लाकडं आणि कोळसा ठेवायची. दाईबाईंच्या हातून एक कोवळी विणकरीण अशाच खोलीत गेली होती. "दिवा असता तं मले दिसलं असतं," असं त्या एकदाच बोलल्या. मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. घरमालकाने पगडीसाठी दसऱ्यापर्यंतची मुदत दिली होती. दसऱ्याला पैसे आले नाहीत तर खोली दुसऱ्याला.

राजधानी नागपूरहून मुंबईला जाणार हे नक्की झालं होतं, त्या वर्षीचा भाद्रपद. मागच्या पानावर मी एक नोटीस वाचली. एक गिरणी एका शेअरवर एक शेअर बोनस देणार होती. मात्र अमुक तारखेला कंपनीची नोंदवही बंद होणार, त्याआधी ज्याचं नाव वहीत, त्यालाच बोनस. दाईबाईंनी ते तीनदा वाचायला लावलं. मग पन्नास शेअर घेतले. सावनेरच्या एका कापसाच्या जिनवाल्याने विकले होते. त्याच्या सहीचा बदलीचा फॉर्म आणि शेअरचे कागद शेठजींनी आणून दिले, दाईबाईंनी अंगठा उठवला. आता ते कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत वेळेवर पोचायचे, एवढंच उरलं.

आणि त्याच सकाळी उमरेडहून निरोप आला की दाईबाईंची भाची अडली आहे. त्यांनी कागद माझ्या हातात दिले. "आजच्या आज रजिष्ट्री कर वं. तारीख हाय."

"हो हो, समजलं," मी म्हटलं. आज गेलं नाही तर काय होईल, हे मी विचारलं नाही. विचारणं हे मॅट्रिक नसलेल्यांचं काम.

त्या दिवशी महालक्ष्म्यांचं आवाहन होतं. आमच्या सासूबाईंचा नियम असा की महालक्ष्म्या बसल्यापासून उठेपर्यंत घरातली लक्ष्मी उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही. दूधवाल्याचे पैसेसुद्धा आदल्या दिवशी देऊन टाकायच्या. मी हातातल्या कागदांकडे पाहिलं. पन्नास शेअर म्हणजे लक्ष्मी नाही तर काय? शिवाय मला वाटलं, मुंबईच्या कचेरीतही महालक्ष्म्या असतीलच, तीन दिवस कोण काम करणार आहे! आणि देवीच्या पोटात तीन दिवस राहिले तर कागदांना बरकतच येईल. कंपनी एकावर एक देणार होती, मी मनातल्या मनात एकावर दोन धरले.

दुसऱ्या दिवशी पुरण वाटताना दाईबाईंचं "आजच्या आज" एकदम टोचलं. पण बसलेली महालक्ष्मी हलवत नाहीत. मी हात जोडून उभी राहिले आणि तिला विनवलं की तारीख थोडी धरून ठेव. तिने नेहमीसारखं प्रसन्न हसून माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी विसर्जन झालं, चौथा दिवस रविवार. सोमवारी मी रजिष्ट्री केली. पाकिटात एक गव्हाचा दाणा तसाच मुंबईला गेला.

दाईबाई उमरेडहून आल्या. भाची सुखरूप होती. "केली रजिष्ट्री?" त्यांनी विचारलं.

"केली," मी म्हटलं. खोटं एक अक्षरही नव्हतं त्यात. म्हणूनच ते इतकं नीच होतं.

बारा-तेरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. इंग्रजीत. ते वाचून दाखवणार कोण? मीच. दाईबाई समोर बसल्या, पाय पोटाशी घेऊन. मी आधी मनात वाचलं. लिहिलं होतं की कागद वही बंद झाल्यानंतर पोचले, नाव आता नोंदवलं आहे, पण बोनसचे शेअर आधीच्या धन्याला पाठवले आहेत. खरं सांगते, त्या क्षणी "इत्यादी इत्यादी" जिभेवर आलं होतं. मी काहीही सांगितलं असतं तरी चालून गेलं असतं, दोन-चार दिवस तरी. पण त्या माझ्या तोंडाकडे अशा बघत होत्या, जशा बाळंतिणीच्या तोंडाकडे बघतात. मी शब्दन् शब्द वाचलं.

"तीन-चार दिवस कुठं होते कागद?" त्यांनी विचारलं.

"महालक्ष्मीच्या कोठीत."

त्यांनी पाणी मागितलं, प्यायल्या. मग म्हणाल्या, "तिनं तरी वाचून पाह्यले का?"

एवढ्यात सासूबाई आतून आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "अगं बाई! दाईचा अंगठा माझ्या महालक्ष्मीच्या पोटात?"

दाईबाई शांतपणे म्हणाल्या, "वहिनीबाई, तुमच्या महालक्ष्मीचं एक सोडून द्या. या घरच्या बाकी सगळ्यायच्या पोटाले माहा हात लागेल हाय." सासूबाई आल्या तशा आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सावनेरच्या बसमध्ये बसलो. मला पाचवा महिना होता. आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, अशा अवस्थेत बसचे धक्के कशाला? दाईबाई म्हणाल्या, "दाई संगं हाय. आणखी काय पाह्यजे?" मला नेलं ते पत्र वाचून दाखवायला. मला आपलं वाटत होतं, शिक्षा म्हणून नेलं.

जिनवाले म्हातारे गृहस्थ, कापसाच्या ढिगाशेजारी खाट टाकून बसलेले. त्यांनी चहा पाजला, पत्र ऐकलं आणि म्हणाले, "बाई, बोनस आला हे खरं. पण कंपनीच्या वहीत नाव माहं होतं. मी काहून देऊ?"

"तुम्ही भाव घेतला तो बोनस धरून घेतला का नाही?"

"घेतला ना."

"म्हंजे तुम्ही गाभण गाय विकली. गाभणीचा भाव घेतला. आता वासरूही ठेवून राहिले?"

"वासरू माह्या गोठ्यात झालं, बाई."

"झालं काहून का," दाईबाईंनी माझ्याकडे बोट केलं, "या पोरीनं गाय रस्त्यात बसवून तिची पूजा केली."

मग मला सगळी गोष्ट सांगावी लागली, कोठी, गहू, रुमाल, हळदकुंकू. म्हातारा इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली आणि दाईबाईंना त्याची पाठ चोळावी लागली. डोळे पुसत तो म्हणाला, "अर्धे देतो. सारे नाही देत. वेव्हार हाय."

मी एकदम उसळले, "आमचे सगळे आहेत! आम्ही वकील..." दाईबाईंनी माझ्या मांडीला असा चिमटा घेतला की वकील तोंडातच राहिला. "द्या," त्या म्हणाल्या. "आत्ताच सही करा."

परतीच्या बसमध्ये मी रागावून विचारलं, "अर्ध्यावर का मानलं?" त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "वकील केला तं सारे भेटतीन, पण दसरा निघून जाईन. अर्ध्यात काही जमते का ते पाहू."

जमलं नाही. त्यांनी शेठजींकडून उसने मागितले नाहीत, तो त्यांचा नियम होता. मी माझ्या पाटल्या काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी त्या माझ्या हातात परत चढवल्या, साबण न लावता, त्यामुळे बरंच दुखलं. "घाल गुमान," म्हणाल्या. "सासूनं विचारलं तं पुन्हा कोठीत ठेवल्या म्हनशीन का?" दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम गोलीबार चौकाकडून गेले. त्या खोलीत तेंदूपत्त्याची पोती थप्पीने लावलेली होती आणि वर विजेचा दिवा जळत होता. पोत्यांसाठी.

पुढे राजधानी गेली. हे सचिवालयात कारकून होते, यांना मुंबईचा हुकूम आला, आणि उन्हाळ्यात आम्ही बिऱ्हाड हलवलं. दाईबाई स्टेशनवर आल्या नाहीत, एक बाई अडली होती. दोन वर्षांनी शेठजींच्या मुलीच्या अक्षरातलं एक कार्ड आलं की दोन गिरण्या एक झाल्या, या खेपेला फिसकटलं नाही, आणि दाईबाईंना दुसरी एक खोली मिळाली, नळाची आणि दिव्याची. खाली अंगठा होता. मी ती खोली पाहिली नाही. मी नागपूरला परत आले तोवर दाईबाई गेल्या होत्या आणि त्या जागी कोणाचं तरी शिवणकामाचं दुकान होतं.

मला त्या आठवतात त्या मात्र नागपूर सोडण्याआधीच्या माघातल्या एका दुपारच्या. माझी कळ सुरू झाली तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं आणि मी आमच्या सामानाच्या खोलीत होते, कोळशाचं पोतं आणि लोणच्याच्या बरण्या यांच्यामध्ये. खिडकी नव्हती. भर दुपारी सासूबाई कंदील धरून उभ्या होत्या. दाईबाई म्हणत होत्या, "अजून जवळ आना वहिनीबाई, अजून जवळ." पाच महिने पोटात वाढवलेलं ते वाक्य तेव्हा माझ्या तोंडून बाहेर पडलं, "दाईबाई, तुमची खोली असती तर..." त्यांनी मला पुरं करू दिलं नाही. "आता जोर लाव. बोलनं मंग."

बऱ्याच वेळाने लेकरू रडलं. त्यांनी नाळ कापली, हात धुतले, जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात पोरीला गुंडाळून माझ्या कुशीत दिलं आणि पदराची एक गाठ सोडली. मी म्हटलं, "दाईबाई, मी चुकले." त्यांनी कंदिलाची वात बारीक केली. त्या जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते:

"पोरगी झाली. हातपाय, बोटं सारे पाह्यले, पुरे हायेत. आता सव्वा महिना या खोलीच्या बाहेर निघू नको. पण पेपर वाचाले काही विटाळ लागत नाही, उद्या मी घेऊन येतो. मले अजून खोली घ्याची हाय."